केर्माचे पलंग आणि त्यांच्या पायथ्याचे हस्तिदंती प्राणी

पाथरवट

मंडळी, इजिप्तवर इथे धाग्यांची रीघ लागलेली असते, पण अस्वानच्या खाली कुणी उतरायला तयार नसतं. म्हणून हा धागा. विषय जरा आडवाटेचा आहे: प्राचीन नुबियात, म्हणजे आजच्या उत्तर सुदानात, मेलेल्या माणसाला ज्या पलंगावर निजवून पुरत त्या पलंगाच्या पायथ्याची फळी. आणि त्या फळीत बसवलेले हस्तिदंताचे प्राणी.

ठिकाण केर्मा. नाईलच्या तिसऱ्या प्रपाताच्या थोडं दक्षिणेला, नदीच्या पूर्व काठावर. इ.स.पू. २५०० ते १५०० या हजारेक वर्षांत इथे एक राज्य उभं राहिलं, वाढलं आणि शेवटी इजिप्तच्या फौजांनी ते मोडलं. इजिप्शियन लोक त्याला कुश म्हणत. गावाच्या मधोमध कच्च्या विटांची एक अजस्र वास्तू आहे, पश्चिम डेफूफा. ती आजही १८ मीटरच्या आसपास उंच उभी आहे. तिथून चारेक किलोमीटर पूर्वेला दफनभूमी. तिच्यात हजारो थडगी आहेत आणि दक्षिण टोकाला राजांचे प्रचंड गोल ढिगारे. सर्वांत मोठे ढिगारे ९० मीटर व्यासाच्या घरात जातात. के-३, के-४, के-१० ही त्यांची खोदकामातली नावं.

१९१३ ते १९१६ या काळात हार्वर्ड विद्यापीठ आणि बोस्टनचं ललितकला संग्रहालय यांच्या संयुक्त मोहिमेनं ही दफनभूमी खणली. प्रमुख होते जॉर्ज रायझनर. पुढे ज्यांना गिझाच्या खोदकामासाठी जग ओळखू लागलं तेच हे.

आता पलंग. केर्माच्या भरभराटीच्या काळात (साधारण इ.स.पू. १७५० पासून पुढे) प्रतिष्ठित माणसाला पेटीत ठेवत नसत. लाकडी पलंगावर, उजव्या कुशीवर, गुडघे दुमडून, डोकं पूर्वेला आणि तोंड उत्तरेला करून निजवत. पलंगाचे चारही पाय बैलाच्या पायांसारखे कोरलेले, खाली खुरांसकट. निजायच्या जागी चामड्याच्या पट्ट्यांचं विणकाम. उशाला फळी नाही, पायथ्याला मात्र एक उभी फळी. सगळी सजावट त्या एका फळीवर.

त्या फळीत खाचा करून हस्तिदंताचे चपटे तुकडे बसवलेले असत. जिराफ, हत्ती, शहामृग, बकरे, तरस, पक्षी. शिवाय इजिप्तची तावेरेत, म्हणजे पाणघोड्याच्या रूपातली देवी, हातात सुरा घेतलेली. एकाच आकाराचे तुकडे रांगेनं, एका रांगेखाली दुसरी रांग. तुकडे लहान, साधारण बोटभर लांबीचे, पातळ. सगळा भर बाह्यरेषेवर. जिराफाची मान आणि ती जिथे खांद्यात उतरते तो उतार बघितला की कोरणाऱ्यानं हा प्राणी चालताना पाहिलेला आहे याबद्दल शंका उरत नाही. आतले तपशील अगदी मोजक्या कोरीव रेघांनी उरकलेले.

गंमत अशी की यातल्या बहुतेक पलंगांचं लाकूड आता नाही. वाळवीनं खाल्लं, नाहीतर भुगा झालं. मातीत उरल्या त्या प्राण्यांच्या रांगा. कुठला तुकडा कुठे पडलाय, तोंड कुठे करून पडलाय, दोघांत अंतर किती, हे टिपून घेतलं तरच फळी पुन्हा उभी करता येते. रायझनर यांच्या मंडळींनी ते टिपलं. म्हणून आज बोस्टनमध्ये नव्या लाकडात जुने तुकडे बसवलेला पलंग बघायला मिळतो.

माझा मुद्दा एवढाच: इतकी बारकाईची नोंद करणाऱ्या माणसाला समोरचे प्राणी काय सांगताहेत ते ऐकू आलं नाही. हा सगळा इजिप्शियन वसाहतीचा कारभार आहे असं त्यांनी ठरवून टाकलं. त्यावर बोलूच.

मोरपंखी

वा! नुबिया म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर मेरोवेचे टोकदार पिरॅमिड येतात, हे माहीतच नव्हतं. एक भाबडा प्रश्न. हस्तिदंत म्हटलं की मला आपलं तेर आठवतं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या संग्रहालयात हस्तिदंताची छोटी स्त्रीमूर्ती आहे, तशीच जालना जिल्ह्यात भोकरदनला सापडली, आणि तशाच वळणाची एक थेट पॉम्पेईत. तर आफ्रिका, रोम, दख्खन असा हस्तिदंताचा काही धागा जोडता येतो का?

पाथरवट

@मोरपंखी, तेरचं उदाहरण मस्त, पण या गोष्टीशी त्याची गाठ मारू नका. पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये राखेखाली गेलं. केर्माचे पलंग त्याच्या सोळा-सतरा शतकं आधीचे. तेर-भोकरदन हा सातवाहनांचा, रोमन व्यापाराचा काळ. पॉम्पेईची मूर्ती १९३८ मध्ये सापडली. ती आरशाची मूठ की एखाद्या आसनाचा पाय, यावर अजून वाद घालतात. म्हणजे फर्निचर आणि हस्तिदंत एवढंच काय ते साम्य. त्या बाजूनं जायचं तर अफगाणिस्तानातल्या बेग्रामचे हस्तिदंती पत्रे जास्त जवळचे. वेगळा धागा काढा, मी येतो.

वाकस

जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीचं काम करतो, म्हणून कारागिराच्या बाजूनं लिहितो.

लाकडात हस्तिदंत बसवणं म्हणजे दोन वेगळ्या स्वभावाच्या वस्तूंचा संसार. लाकूड हवेतल्या ओलाव्यानुसार रेषेच्या आडव्या बाजूला फुगतं-आकसतं. हस्तिदंतही हलतो, पण त्याच्या परीनं. त्यामुळे मोठा पत्रा बसवला की तो तडकतो किंवा उचकटतो. छोटे, सुटे तुकडे बसवले तर प्रत्येकाला स्वतःपुरतीच हालचाल सोसावी लागते. बोटभर प्राण्यांच्या रांगा करण्यामागे सौंदर्यदृष्टी असेलच, पण ज्यानं दोन-चार फळ्या हातावेगळ्या केल्यात त्याला ही सोयही कळलेली असणार.

दुसरं, आकार कापण्याचं. जिराफाची मान नि पाय पातळ हस्तिदंतात कापताना मोडायची भीती फार. हस्तिदंताला दाण्याची दिशा असते, उभ्या बाजूनं तो जास्त तग धरतो. मान त्या दिशेत ठेवली तर पाय आपोआप त्याच दिशेत येतात, पण शेपूट आणि तोंड आडवं जातं. म्हणून शेपूट अंगाला चिकटलेली ठेवायची आणि तोंड आखूड. पुढच्या वेळी फोटो बघाल तेव्हा हे शोधा.

आणि खाच. तुकड्याची कड फळीवर ठेवून टोकदार हत्यारानं आखून घ्यायची, मग आतलं लाकूड पटाशीनं काढायचं. एकाच मापाचे दहा बकरे दिसले तरी दहा खाचा वेगवेगळ्या. एकाचा बकरा दुसऱ्याच्या खाचेत बसेलच असं नाही.

पाथरवट, हे हत्तीचे दात की पाणघोड्याचे?

पाथरवट

@वाकस, तुमच्यासाठीच धागा काढल्यासारखं झालं.

दोन्ही शक्यता. नाईलच्या त्या पट्ट्यात पाणघोडे होते आणि हत्ती दक्षिणेकडून येत. इजिप्तमध्ये पाणघोड्याचा दात फार वापरला जाई, कारण घराशेजारी मिळे. हत्तीचा दात आडवा कापला तर कापलेल्या तोंडावर एकमेकांना छेदणाऱ्या कमानदार रेषांची जाळी दिसते. पाणघोड्याच्या दातात ती नसते, तो जास्त घट्ट, जास्त पांढरा, बाहेरून कडक एनॅमलचा थर असलेला. पण तुकडा पातळ आणि दाताच्या लांबीला धरून कापलेला असला की ही जाळी दिसत नाही. म्हणून नुसत्या डोळ्यांनी निकाल देणं अवघड.

हत्तीच्या दाताचा व्यापार मात्र केर्माच्या या पलंगांच्याही आधीचा. अस्वानला हरखूफ नावाच्या अधिकाऱ्याच्या कबरीवर त्याचं आत्मचरित्र कोरलंय, सहाव्या राजवंशातलं. तो याम नावाच्या दक्षिणेकडच्या देशातून ३०० गाढवं लादून आला. मालात धूप, अबनूस, बिबट्याची कातडी आणि हत्तीचे दात. दक्षिणेचा हस्तिदंत उत्तरेला जायचा, हे ठरलेलं गणित. केर्माच्या पलंगांवर तोच माल घरीच थांबलेला दिसतो.

शंकेखोर

लेख चांगला आहे, पण रायझनरला इतक्या झटपट फाशी देऊ नका. त्याच्या बाजूनं पुरावा काय होता ते तरी सांगा. के-३ मध्ये सेनुवी नावाच्या इजिप्शियन बाईचा अप्रतिम पुतळा सापडला. शेजारी तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे इजिप्तमधल्या अस्यूतच्या प्रांताधिपतीच्या पुतळ्याचा तुकडा. इजिप्शियन शिक्के, इजिप्शियन फायन्स (भाजून चकचकीत झिलई आणलेलं काम), इजिप्शियन भांडी. कुठलाही शहाणा माणूस म्हणेल की इथे इजिप्शियन सुभेदार बसत होता.

आणि पलंगाचंच घ्या. बैलाचे पाय असलेले पलंग इजिप्तमध्ये पहिल्या राजवंशापासून आहेत. पायथ्याची फळी इजिप्शियन. जडावकाम इजिप्शियन. तावेरेत तर शंभर टक्के इजिप्शियन. मग नुबियन काय उरलं, जिराफ?

पाथरवट

@शंकेखोर, रायझनर यांचा पुरावा मीच मांडायला हवा होता, तुम्ही मांडलात ते बरं झालं. आता त्याचा हिशोब.

सेनुवीचा नवरा, ज्याला रायझनर हेपजेफा म्हणत, तो फारो पहिल्या सेनुस्रेतच्या काळातला, म्हणजे इ.स.पू. १९२० च्या आसपासचा. त्याची स्वतःची कबर अस्यूतला आहे, आणि चांगली ऐसपैस आहे. के-३ हा ढिगारा त्याच्यानंतर दोनेक शतकांनी उभा राहिला. शिवाय मुख्य दफन पलंगावर, सोबत बळी दिलेली माणसं. एकट्या के-१० मध्ये अशी तीनशेहून जास्त. एखादा इजिप्शियन प्रांताधिपती मायदेशी बांधलेली कबर सोडून परमुलखात गुडघे दुमडून बैलाच्या कातड्यावर निजेल आणि सोबत शेकडो माणसं नेईल? पुरातत्त्वज्ञ हेर्मान युंकर यांनी १९२० च्या सुमारासच रायझनर यांना हरकत घेतली होती. पुढे शार्ल बोने यांच्या स्विस मोहिमेनं सत्तरच्या दशकापासून खोदकाम करून शहर, देऊळ, राजवाडा, तटबंदी असं सगळं उलगडून दाखवलं. तेव्हा वादच मिटला. केर्मा ही नुबियन राजधानी होती. पुतळे तिथे आले ते लूट म्हणून किंवा सौदा म्हणून.

लुटीला लेखी पुरावाही आहे. दक्षिण इजिप्तमधल्या एल-काबला सोबेकनख्त नावाच्या अधिकाऱ्याच्या कबरीत २००३ मध्ये एक लेख उजेडात आला. कुशनं आजूबाजूच्या टोळ्यांना घेऊन इजिप्तवर केलेल्या स्वारीचं वर्णन त्यात आहे. त्या काळात इजिप्तचा राजा कामोसे तक्रार करतो की एक सरदार उत्तरेला अवारिसमध्ये, दुसरा कुशला, आणि मी मध्ये एका आशियाई आणि एका नुबियनासोबत बसलोय. हे कुणाच्या वसाहतीबद्दलचं बोलणं नाही.

रायझनर यांचा चष्मा त्यांच्या काळाचा होता, एवढंच म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही. काळ्या लोकांना स्वबळावर राज्य उभारता येत नाही, हे गृहीत त्यांच्या लिखाणात उघडउघड आहे. बोस्टनच्या संग्रहालयानं २०१९-२० च्या आपल्या नुबिया प्रदर्शनात हे स्वतःच स्पष्ट मांडलं.

शंकेखोर

राज्य नुबियन, मान्य. तो वाद मी घालतच नाहीये. माझा प्रश्न पलंगाचा. राजा नुबियन असला म्हणून सुतार नुबियन होत नाही. नुबियातल्या बुहेनच्या किल्ल्यावर सेपेदहोर नावाचा इजिप्शियन अधिकारी शिलालेखात अभिमानानं सांगतो की कुशच्या राजाला संतोष होईल असं होरसचं देऊळ मी बांधलं. म्हणजे इजिप्शियन माणसं कुशच्या पगारावर होती. मग एखादा इजिप्शियन सुतार का नसावा?

आणि सुरा घेतलेली तावेरेत. इजिप्तमध्ये मध्य राज्याच्या काळात पाणघोड्याच्या दाताच्या कांड्या करत. वाकड्या, दाताच्याच आकाराच्या. त्यावर तावेरेत, सिंह, साप, चित्रविचित्र जनावरं कोरलेली, कित्येकांच्या हातापायांत सुरे. बाळंतीण आणि मूल यांच्या रक्षणासाठी. त्या कांड्या कबरीतही ठेवत. सुरा, पाणघोडा, हस्तिदंत, प्राण्यांची रांग: सगळा मसाला तयार होता. केर्मावाल्यानं तो उचलून फळीवर लावला. संपलं.

चार्ल्सकाठ

बोस्टनला राहते, त्यामुळे तो पलंग अनेकदा पाहिलाय. दोन गोष्टी प्रत्यक्ष बघूनच लक्षात येतात.

एक म्हणजे पलंग बुटका आहे. फोटोत तो भारदस्त वाटतो, समोर गेल्यावर फळी गुडघ्याच्या आसपास येते. प्राणी नीट बघायचे तर बसावं लागतं. मी सरळ जमिनीवर बसले, तेव्हा रखवालदार जवळ येऊन उभा राहिला.

दुसरं, रांगांमध्ये एकसारखेपणा आहे पण यांत्रिकपणा नाही. एकाच रांगेतल्या दोन प्राण्यांची पोटं वेगळी, पायांतली फट कमीजास्त. वाकस यांनी खाचांबद्दल लिहिलंय ते वाचून हे आठवलं.

आणि त्याच दालनात अभ्रकाचे तुकडे आहेत, ते चुकवू नका. केर्मात मृतांच्या डोक्यावर चामड्याच्या टोप्या असत, त्यावर अभ्रकाचे कापीव आकार शिवलेले. कडेला बारीक भोकं. त्यांत पंख असलेला जिराफ आहे! दोन डोक्यांचा पक्षी आहे. @शंकेखोर, पंखवाला जिराफ तुमच्या इजिप्शियन कांड्यांवर दाखवा बरं.

शंकेखोर

@चार्ल्सकाठ, पंखवाला जिराफ नाही दाखवता येणार. पण पंखवाली जनावरं इजिप्तमध्ये ढीगभर. पंख लावायची पद्धत उसनी, जिराफ स्थानिक.

पाथरवट

आणि नेमकं तेच तर मी म्हणतोय! उसनी पद्धत, स्थानिक जनावर.

शंकेखोर, तुम्ही कांड्यांचा मुद्दा आणलात तो पक्का आहे, तावेरेतचा सुरा तिथूनच आलेला असणार. पण ही देवी त्याच शतकांत उत्तरेलाही गेली. भूमध्य समुद्र ओलांडून क्रीटला पोचली आणि तिथे हातात पाण्याची झारी घेऊन उभी राहिली. बाळंतिणीची राखणदार तिथे पूजाविधीतली सेवक झाली. कुणी क्रीटच्या त्या आकृत्यांना इजिप्शियन सुताराचं काम म्हणत नाही. क्रीटनं देवी घेतली आणि आपली केली, असं आपण सहज म्हणतो. केर्माबद्दल तेच म्हणताना मात्र आपली जीभ अडखळते. का?

आता फळीवरची निवड बघा. इजिप्तमध्ये त्या काळात जिराफ हा परदेशी प्राणी. इतिहासपूर्व काळात तिथे त्याची चित्रं होती, नंतर तो दक्षिणेची भेट म्हणून उगवतो. अठराव्या राजवंशात रेखमीरे या वजिराच्या कबरीच्या भिंतीवर नुबियन लोक जिराफ घेऊन येताना दाखवलेत, त्याच्या मानेवर माकड चढतंय. इजिप्शियन डोळ्याला जिराफ म्हणजे नजराणा, दोरी बांधून आणलेला. केर्माच्या फळीवर दोरी नाही, आणणारा माणूसही नाही. जिराफ आपल्या रांगेत चाललाय, खालच्या रांगेत शहामृग आपल्या वाटेनं.

हे प्राणी फक्त पलंगावर असते तर मी इतकं ताणलं नसतं. मोठ्या ढिगाऱ्यांशेजारी जी प्रार्थनामंदिरं होती, के-२ आणि के-११, त्यांच्या आत भिंतींवर रंगवलेले प्राणी मिळाले: पाणघोडे, जिराफ, बैल, शिवाय नावा. के-२ मध्ये फायन्सचे सिंह जडवलेले. भिंत, टोपी, पलंग असं सगळीकडे तेच प्राणी फिरताहेत. आलेला सुतार कुणीही असो, त्याला काय कोरायचं ते सांगणारं घर केर्माचं होतं.

वाकस

एक व्यवहाराची भर. कामाला लावलेला कारागीर आणि काम करून घेणारा मालक यांत नक्षी कुणाची, हा वाद आमच्या धंद्यात रोजचा. गिऱ्हाईक म्हणतं हत्ती असा नको, तसा हवा. तीन वेळा बदलून घेतं. शेवटी होतं ते ना माझं ना त्याचं. पण फळीवर राहतं त्याच्या घरातलं चित्र, आणि हात माझा दिसतो तो फक्त खाचेत. इजिप्शियन हात शोधायचा तर शंकेखोर यांनी प्राणी बघू नयेत, सांधे बघावेत. फळी पायांत कशी बसवलीय, चामड्याच्या पट्ट्या ओढून सांधा कसा आवळलाय.

खडीसाखर

थोडं अवांतर, पण विषयाला धरून आहे.

मी साखर कारखान्यांत नोकरी केली, त्यातली काही वर्षं सुदानात. तिथे घराघरात अंगरेब असतो. लाकडी चौकट, चार पाय, मध्ये दोरीचं किंवा चामड्याच्या पट्ट्यांचं विणकाम. आपल्या बाजेचा सख्खा भाऊच. दुपारी सावलीत ओढायचा, रात्री अंगणात. पाहुणा आला की पहिल्यांदा अंगरेब पुढे येतो.

लग्नात जिरतिग नावाचा विधी असतो, त्यात नवरा-नवरीला लाल कापड अंथरलेल्या अंगरेबवर बसवतात. आणि माणूस गेला की त्याच अंगरेबवरून त्याला कबरीपर्यंत नेतात. इस्लाममध्ये पलंग पुरत नाहीत, त्यामुळे अंगरेब घरी परत येतो. आमच्या कारखान्यातला एक म्हातारा फिटर म्हणायचा, अंगरेबनं घरातल्या सगळ्यांना उचललंय.

हे वाचताना सारखं वाटत होतं की बोस्टनच्या दालनात बसलेल्या माणसाला पलंग म्हणजे श्रीमंती दिसते. सुदानी माणसाला त्यात घर दिसेल.

चार्ल्सकाठ

@खडीसाखर, अवांतर कसलं, अशा प्रतिसादांसाठीच तर इथे येतो आपण. त्या दालनातल्या पाटीवर यातलं अर्धं जरी लिहिलं तरी लोक थांबतील.

मोरपंखी

एक शंका. केर्मा पडल्यावर हे पलंग बंदच झाले का?

पाथरवट

@मोरपंखी, इ.स.पू. १५०० च्या सुमारास फारो पहिल्या थुतमोसपासून इजिप्तनं नुबिया गिळायला सुरुवात केली. पुढची चारेक शतकं तिथली बडी मंडळी इजिप्शियन थाटात, शवपेटीत पुरली जाऊ लागली. वाटेल की संपलं. पण इ.स.पू. आठव्या शतकात पुन्हा कुशचे राजे उठले आणि थेट इजिप्तच्या गादीवर बसले, पंचविसावा राजवंश. त्यातल्या पिये या राजाची कबर सुदानातल्या एल-कुर्रूला आहे. वर पिरॅमिड, आत इजिप्शियन पद्धतीचं बरंच काही, आणि मधोमध दगडी ओटा. त्या ओट्याच्या कोपऱ्यांत खाचा. कशासाठी? पलंगाचे पाय बसावेत म्हणून. तीही जागा रायझनर यांनीच खणली. एल-कुर्रूला कांस्याचे पलंगाचे पायही मिळालेत, त्यावर बदक.

इजिप्तचा फारो झाला तरी शेवटची झोप पलंगावरच. शंकेखोर, याला तरी इजिप्शियन म्हणू नका.

शंकेखोर

नाही म्हणत. एल-कुर्रूचा ओटा जोरदार आहे. तो मला माहीत नव्हता.

पण रायझनरबद्दल एक गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण धाग्यात त्याला फारच झोडपलं. १९२५ मध्ये गिझाला त्याच्याच मोहिमेला हेतेफेरेसची कबर सापडली. गिझाचा मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या खुफूची आई. लाकूड सगळं कुजलेलं, जमिनीवर नुसता सोन्याचा पत्रा आणि फायन्सचे तुकडे. त्यानं कण न् कण जागेवर टिपून पलंग, खुर्ची, मंडप उभे केले. त्या पलंगाच्या पायथ्याच्या फळीवरही जडावकाम आहे. पडलेल्या तुकड्यांवरून नाहीसं झालेलं लाकूड वाचायचं, हा धडा त्यानं दहा वर्षं आधी केर्मातच गिरवला होता. निष्कर्ष चुकला, पण नोंद इतकी चोख होती की त्याच नोंदी वापरून पुढच्यांनी त्याला खोडून काढलं. तेवढं श्रेय द्या.

पाथरवट

दिलं. मनापासून. मुख्य कक्ष तर लुटारूंनी आधीच साफ केलेले होते. बरेचसे जडवलेले तुकडे ढिगाऱ्यात नंतर खणलेल्या दुय्यम थडग्यांतून आले. तिथे त्यांनी हयगय केली असती तर आज आपण फक्त पेटीभर सुट्या बकऱ्यांबद्दल बोलत असतो.

मोरपंखी

मग हे सगळं आता फक्त बोस्टनलाच का? सुदानात काहीच नाही?

चार्ल्सकाठ

त्या वेळी खोदकामात निघालेल्या वस्तूंची वाटणी होत असे, काही सुदानला, काही मोहिमेला. म्हणून निम्मं इकडे आलं. केर्माला २००८ मध्ये स्थानिक संग्रहालय उघडलं, तिथे केर्माजवळच्या डुक्की गेलला बोने यांच्या मोहिमेला २००३ मध्ये मिळालेले काळ्या दगडाचे राजांचे पुतळे आहेत. खार्तूमच्या राष्ट्रीय संग्रहालयाचं मात्र वाईट झालं. २०२३ च्या एप्रिलमध्ये युद्ध पेटलं, इमारत निमलष्करी दलाच्या ताब्यात गेली. २०२५ च्या मार्चमध्ये सैन्यानं खार्तूम परत घेतलं तेव्हा भांडारं लुटलेली होती.

इथे वस्तू परत देण्यावर चर्चा झाली की लोक खार्तूमकडे बोट दाखवून म्हणतात, बघा, इकडे होतं म्हणून वाचलं. मला ते पटत नाही. वाचलं हे खरं, पण म्हणून मालकी ठरत नाही.

खडीसाखर

खार्तूमचं ते संग्रहालय मी पाहिलंय. आवारात असवानच्या धरणात बुडणारी देवळं उचलून आणून बसवली होती, शाळेच्या सहली यायच्या. माझ्या ओळखीतली कुटुंबं आता कैरोत आहेत. कुणी अंगरेब घेऊन पळत नाही.

मालकीच्या वादात पडत नाही. पण निदान त्या फळ्यांची चांगली छायाचित्रं अरबीत माहिती लिहून उपलब्ध करावीत, एवढं तरी व्हावं.

शंकेखोर

+१.

आता मूळ मुद्द्यावर माझं शेवटचं. पाथरवट, राज्य केर्माचं, निवड केर्माची, इतपत मी तुमच्यासोबत आलो. हात कुणाचा, यावर मी अजून तिथेच आहे. डेफूफाच्या आसपास फायन्स भाजल्याच्या खुणा मिळाल्या, कांस्य ओतायची भट्टी मिळाली, म्हणजे कारखाने होते. त्या कचऱ्यातून अर्धवट कापलेला, मान मोडली म्हणून टाकून दिलेला एक हस्तिदंती जिराफ दाखवा. मी शस्त्र खाली ठेवतो.

वाकस

मान मोडलेला जिराफ कुणी टाकत नाही हो. पाय छाटायचे, उरल्या तुकड्यात पक्षी काढायचा. कचऱ्यात शोधायचा तर जिराफ नको, भुसा शोधा.